कोणती अडचण दूर करायची?

२०२० या एकाच वर्षी सोलापूर जिल्ह्यात शिक्षणाच्या दोन मोठ्या गोष्टी घडल्या.

पहिली सोलापूर शहरातल्या नीलमनगरात. ही यंत्रमाग आणि कापड उद्योगातल्या कामगारांची वस्ती. मार्चपासून शाळा बंद होत्या. शिक्षण ऑनलाइन चालू आहे असे सगळीकडे सांगितले जात होते, आणि इथल्या कितीतरी घरांत स्मार्टफोनच नव्हता. जिथे होता तिथे तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असायचा. तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या शेकडो भिंती रंगवून घेतल्या आणि पाठ्यपुस्तकातला मजकूर भिंतींवर उतरवला. अक्षरे आली, शब्द आले, गणिताच्या क्रिया आल्या. मुले अंतर राखून गल्लीत उभी राहत, एक भिंत वाचून झाली की पुढच्या भिंतीकडे जात.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरची. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून झालेल्या कार्यक्रमात अभिनेते स्टीफन फ्राय यांनी त्या वर्षीच्या ग्लोबल टीचर प्राइझच्या मानकऱ्याचे नाव जाहीर केले. ते होते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे त्याच वेळी जाहीर केले. पुरस्कारामागचे सर्वांत गाजलेले काम होते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे.

एकीकडे रंगाचा डबा, दुसरीकडे क्यूआर कोड. दुसऱ्याला तंत्रज्ञान म्हणायचे आणि पहिल्याला नाइलाज, अशी आपली सवय आहे. या पुस्तकाच्या वाचकाने ती सवय पहिल्याच पानावर सोडावी अशी माझी विनंती आहे. शिकणाऱ्याच्या वाटेत नेमके काय आडवे आले आहे ते दोन्ही ठिकाणच्या शिक्षकांनी आधी ओळखले, आणि मग हाताशी असलेले साधन त्या अडचणीवर लावले. शैक्षणिक तंत्रज्ञान नावाची जी अभ्यासशाखा आहे, तिचा गाभा मला इथे दिसतो. साधने बदलत राहतात. अडचण ओळखण्याची दृष्टी कमवावी लागते, आणि ती कमवायला मदत करणे हे या शाखेचे काम.

परितेवाडीचे उदाहरण जगभर सांगितले गेले, पण सांगताना बहुतेकांनी कोडचीच गोष्ट सांगितली. मला त्यातली अडचण अधिक महत्त्वाची वाटते. डिसले २००९ मध्ये तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती आणि तिच्या एका अंगाला गुरांचा गोठा होता. त्याहून अवघड बाब भाषेची होती. अनेक मुलींच्या घरात कन्नड बोलली जात होती आणि हातातले पुस्तक मराठी होते. ज्याला सोलापूर ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, अनेक मोहल्ल्यांत उर्दू, तांड्यांवर लमाणी, आणि या सगळ्यांना जोडणारी सोलापुरी ढंगाची मराठी. बालभारती कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांचीही पुस्तके छापते. परंतु वाडीवरची शाळा एकच असते आणि तिचे माध्यम मराठी असते. पहिलीतल्या मुलीला वर्गात बाईंचे किंवा गुरुजींचे बोलणे निम्मे समजते. घरी गेल्यावर पुस्तक उघडून देणारे, वाचून दाखवणारे कोणी नसते. डिसले यांनी स्वतः कन्नड शिकून घेतली, मजकूर मुलींच्या भाषेत नेला, आणि कविता, गोष्टी, पाठ यांचे ध्वनिमुद्रण व चित्रफिती कोडमागे ठेवल्या.

क्यूआर कोड स्वतः काहीच शिकवत नाही. तो एक पत्ता आहे. जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो तयार केला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. कंपनीने त्यावर पेटंटचा हक्क बजावला नाही, त्यामुळे तो कोणालाही फुकट वापरता आला. मोटारीच्या कारखान्यासाठी काढलेली ही चौकोनी खूण माढा तालुक्यात पोचली तेव्हा तिचे काम पालटले. आता निरक्षर आईसुद्धा मुलीच्या अभ्यासात हात देऊ शकत होती. तिने फक्त फोन धरायचा, कविता आपोआप ऐकू येणार. घरात वाचता येणारे माणूस नाही ही खरी अडचण होती आणि कोडने तेवढीच दूर केली. ज्या प्रयोगात शिक्षकाला आपल्या साधनाचे काम असे एका वाक्यात सांगता येते, तो प्रयोग सहसा टिकतो, असे माझे निरीक्षण आहे.

पुढे महाराष्ट्राने राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत कोड आणले, केंद्राने एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठी तेच धोरण स्वीकारले, आणि २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचाशी हे कोड जोडले गेले. आज राज्यातल्या जवळपास कोणत्याही पाठ्यपुस्तकात धड्याच्या कडेला ती खूण सापडते. हा विस्तार अभिमानाचा आहे, पण अभ्यासकाने इथे थांबून विचार केला पाहिजे. परितेवाडीत कोडमागचा आवाज मुलींच्या ओळखीच्या गुरुजींचा होता आणि त्यांची भाषा त्या आवाजाला ठाऊक होती. राज्यभर गेलेल्या कोडमागे सर्वांसाठी एकच चित्रफीत असते. उत्तराचा प्रसार झाला, मूळ प्रश्न मात्र माढ्यातच राहिला. एका गावाच्या अडचणीवरचे उत्तर हजारो गावांत नेताना त्या उत्तरातून काय गळून पडते, हा मला या शाखेतला अतिशय मोलाचा आणि अजून अपुरा हाताळलेला प्रश्न वाटतो.

या शाखेला जुना इतिहास आहे आणि मराठी माणसाला तो ठाऊक असायला हवा. धुळाक्षरांनी शिकणाऱ्या पिढ्यांनंतर दगडी पाटी आली, पाटीनंतर छापील पुस्तक. मुंबईत १८२२ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटीने, जी पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली, मराठी शालेय पुस्तके शिळाप्रेसवर छापून घेतली. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला, त्याच साली गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. छपाईमुळे एकच मजकूर कोकणात आणि देशावर सारखा पोचू लागला आणि ‘इयत्ता’ ही कल्पना घट्ट झाली. एका वयाच्या मुलांनी एका वर्षात एक पुस्तक संपवायचे, हा नियम आज आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो. त्याचे मूळ बऱ्याच अंशी छापखान्यात आहे.

त्याच छापखान्याने मोडी लिपी मागे टाकली. टाक न उचलता भरभर लिहिण्यासाठी मोडी उत्तम होती. खिळ्यांनी छापायला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची ठरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली जात होती, मग ती अभ्यासक्रमातून गेली. पेशवे दप्तरापासून गावोगावच्या जमिनीच्या कागदांपर्यंत अफाट मजकूर आज मूठभर जाणकारांनाच वाचता येतो. नव्या साधनाने लाखोंना साक्षर केले आणि त्याच लाखोंना आजोबांच्या अक्षराला पारखे केले. तंत्रज्ञानाने शिक्षणात काय आणले हे मोजणारे पुष्कळ आहेत. त्याने काय नेले याची नोंद ठेवणारे फार थोडे. नव्या अभ्यासकांपैकी काहींनी तरी हे दुसरे काम अंगावर घ्यावे.

विसाव्या शतकातली साधने आपल्या अगदी शेजारी येऊन गेली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग देशातल्या सहा राज्यांच्या सुमारे २,४०० गावांत झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, इस्रोची व्यवस्था, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी. कर्नाटकातून निवडलेल्या जिल्ह्यांत विजापूर आणि गुलबर्गा होते, म्हणजे सोलापूरच्या सीमेपलीकडचीच गावे. पुढे १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली आणि मराठी मुलांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम होऊ लागले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दुमजली गाळ्यांपर्यंत नेला. बार्शीत किंवा सांगोल्यात ज्यांनी पहिल्यांदा माउस हातात धरला, त्यांतल्या अनेकांनी तो अशा केंद्रात धरला. करोनाच्या काळात ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली, ‘शाळेबाहेरची शाळा’ नागपूर आकाशवाणीवरून ऐकू आली. इंटरनेटच्या मानाने जुनाट समजले जाणारे दूरदर्शन आणि रेडिओ त्या दोन वर्षांत जिथे रेंज पोचत नव्हती तिथे पोचले.

प्रत्येक साधनाबरोबर मोठमोठी भाकितेही आली. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी सांगितले होते की चलच्चित्रांमुळे शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील. पुढे हेच रेडिओबद्दल, दूरचित्रवाणीबद्दल, संगणकाबद्दल बोलले गेले. लॅरी क्यूबन या अमेरिकी इतिहासकाराने १९८६ मध्ये या भाकितांचा पाठपुरावा करून दाखवले की साधने वर्गात आली, पण शिक्षकाच्या रोजच्या कामात ती क्वचितच मुरली. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी अधिक टोकाचा मुद्दा मांडला होता : माध्यम स्वतः कधी शिकवत नाही, शिकवते ती त्यामागची अध्यापनपद्धती. त्यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. मला क्लार्क यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही. मोडी आणि बाळबोध यांचे उदाहरण पाहता माध्यम निरुपद्रवी नसते हे उघड आहे. पण ज्याला या शाखेत काम करायचे आहे त्याने क्लार्क यांच्या शंकेशी एकदा तरी झुंज दिलीच पाहिजे.

अडचण न ओळखता साधन आणले की काय होते याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ ही जागतिक मोहीम. भारतातला तिचा पहिला प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या वाडीच्या शाळेत झाला. पेरूमध्ये तिचा फार मोठा विस्तार झाला. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा काटेकोर अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गणितात किंवा भाषेत कसलाच फरक आढळला नाही. मुले यंत्र सफाईने वापरायला शिकली होती. शिकण्यातली कोणती गाठ यंत्राने सुटायची होती, हे मात्र आधी कोणी ठरवलेच नव्हते.

याच्या उलट दोन अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगतो. एक मुंबई आणि वडोदऱ्यातला, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. ‘प्रथम’ संस्थेच्या कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, ‘बालसखी’, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज वर्गाबाहेर घेऊन बसे आणि त्यांना जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकवी. वडोदऱ्यात त्याबरोबर संगणकावर गणिताचे खेळही दिले गेले. दोन्ही उपायांनी मुले पुढे सरकली. दुसरा अभ्यास दिल्लीतला, कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहावी ते नववीची मुले शाळेनंतर एका केंद्रात येत. तिथे ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर आधी मूल खरोखर कोणत्या पातळीवर आहे ते चाचपत असे आणि तिथून पुढचे प्रश्न देत असे. सहावीतली अनेक मुले गणितात चौथीच्याही मागे होती. सुमारे साडेचार महिन्यांत केंद्रात आलेल्या मुलांची गणितातली प्रगती न आलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. एरवी हे सॉफ्टवेअरचे यश म्हणून सांगितले जाते. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की कळते, बालसखी आणि सॉफ्टवेअर यांनी एकच अडचण पकडली होती. वर्गात सर्वांना एक पुस्तक, मुले मात्र वेगवेगळ्या पायरीवर. दिल्लीच्या केंद्रातही मुलांजवळ मदतीला माणूस होते, हेही विसरता कामा नये.

पायरी चुकण्याइतकीच मोठी आणखी एक अडचण शाळेत असते, ती चूक उघडी पडण्याची भीती. ती समजून घ्यायला सोलापूरच्या यंत्रमागाकडे पाहावे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड पद्धतीने विणली जाते. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ कोणता धागा उचलायचा ते ठरवते. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हेच पुठ्ठे उसने घेतले, आणि संगणकाच्या इतिहासात मागाला जागा मिळाली. जुन्या पद्धतीत नक्षी काढणारा आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरतो, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना छिद्रे पाडली जातात, ती माळ मागावर चढते, आणि चूक झाली असेल तर ती कापडावर दिसते. सूत वाया, मजुरी वाया, मालकाचे बोलणे वेगळेच. अशा ठिकाणी नवशिक्या स्वतःहून काही करून पाहायला धजावत नाही, तो वर्षानुवर्षे जुन्या कारागिराशेजारी बसून बघत राहतो. नक्षी संगणकाच्या पडद्यावर काढता येऊ लागली आणि विणण्याआधीच दिसू लागली तेव्हा चूक स्वस्त झाली. नवशिक्याला एका संध्याकाळी दहा नक्षी बिघडवून पाहण्याची मोकळीक मिळाली. शिकण्याचा वेग त्या मोकळिकीतून वाढतो.

शाळेतल्या पाटीने पूर्वी हेच केले होते. पाटीवरचे चुकलेले अक्षर पुसता येते, वहीवरचे लाल शाईखाली कायमचे राहते. फोन कविता विसाव्यांदा ऐकवतानाही त्रासत नाही. वर्गात हात वर न करणारी मुलगी पडद्यापुढे तेच गणित चौथ्यांदा चुकवू शकते. तंत्रज्ञानाने शिकणे बदलते असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा हेच बदललेले असते, चूक करायची किंमत आणि ती कोणासमोर करायची हे.

आता या मांडणीतला अवघड भाग. आतापर्यंत मी अडचण दूर करण्याबद्दल बोललो. पण शिकण्यातल्या काही अडचणी दूर करायच्या नसतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा एक साधा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना जो ताण पडतो तोच स्मरण पक्के करतो. रॉबर्ट बियर्क यांनी अशा ताणाला शिकण्यासाठी हितकारक अडचण म्हटले आहे. आपल्या घरांत दिवेलागणीला चालणारा परवचा, न बघता म्हटलेले पाढे, दुसऱ्या दिवशीची उजळणी यांत हेच तत्त्व काम करत होते. त्या पद्धतीत घोकंपट्टी होती, मारही होता, आणि त्या गोष्टी परत आणाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण आठवण्याचे श्रम हे तिचे बलस्थान होते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि दूर करायच्या व राखायच्या अडचणींतला हा फरक ओळखणे तातडीचे झाले. आता निबंध, उत्तर, सारांश, भाषांतर, सगळे विचारल्याबरोबर मिळते, मराठीतही मिळते. कन्नड घरातल्या मुलीला मराठी धडा तिच्या भाषेत समजावून सांगणारे यंत्र ही परितेवाडीच्या मूळ प्रश्नावर मोठी मदत ठरू शकते, आणि ती मला मनापासून हवी आहे. तेच यंत्र तिच्याऐवजी उत्तर लिहून देऊ लागले तर तिच्या वाटेतला दगड उचलताना तिची वाटच उचलली जाईल. एकच साधन, एकच मुलगी, एकच संध्याकाळ. कोणते काम यंत्राने करायचे आणि कोणते तिनेच करायचे, हा निवाडा सॉफ्टवेअर करणार नाही. तो शिक्षकाला आणि पालकाला करावा लागेल, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान उभे करणे हे या शाखेचे पुढच्या काळातले मुख्य काम आहे असे मी मानतो.

साधन कोणाच्या हातात आहे हेही सोडून चालणार नाही. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांत हा बदल झाला. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के. २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. घरात फोन आहे म्हणून तो मुलीच्या हातात आहे असे होत नाही, आणि हातात आहे म्हणून तो अभ्यासाला लागतो असेही नाही. हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर कारखान्याच्या तळावर जाणाऱ्या मुलाबाबत तर चौथाही प्रश्न येतो, तो म्हणजे फोन चार्ज कुठे करायचा.

शिक्षकाच्या वेळेबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण ग्रंथांत याचा उल्लेख क्वचित सापडतो. गेल्या दहा वर्षांत जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा दिवस तंत्रज्ञानाने मुलांच्या दिवसापेक्षा अधिक बदलला आहे. ‘सरल’ आणि यू-डायस या सरकारी नोंदप्रणालींत भरायची माहिती, पोषण आहाराचे रोजचे आकडे, प्रशिक्षणाच्या लिंक, गटावर टाकायचे फोटो. द्विशिक्षकी शाळेत यातला प्रत्येक तास वर्गातून जातो. शिक्षणात तंत्रज्ञान किती आले असे विचारताना या नोंदीही त्याच खात्यात धरल्या पाहिजेत, आणि त्यांतून शिक्षकाला परत काय मिळते असेही विचारले पाहिजे.

या क्षेत्रात येणाऱ्या वाचकाला हाताशी पुष्कळ काही आहे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून मुले विज्ञान कशी समजून घेतात याचा अभ्यास करते. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. सोलापुरात २००४ मध्ये स्थापन झालेले, एकाच जिल्ह्यासाठी असलेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. एवढ्या भाषा, एवढे उद्योग आणि एवढे स्थलांतर एका जिल्ह्यात असलेली प्रयोगभूमी अन्य विद्यापीठांना शोधावी लागते. कमतरता आहे ती मराठीतल्या नोंदींची. इंग्रजीत या विषयावर ढीगभर लिहिले जाते. नीलमनगरच्या भिंतींवरचा धडा वाचून कोणत्या मुलाला काय आले, काय आले नाही, ते वर्षभर टिपून ठेवलेले मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून डी.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, केंद्रप्रमुखांना आणि संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच : हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. आपल्या वर्गातले एक मूल निवडा, ते कुठे अडते आहे ते एका वाक्यात लिहा, आणि त्या अडचणीशी जुळणारे प्रकरण आधी उघडा. जे करून पाहाल त्याची नोंद तारखेसह ठेवा. फसलेल्या प्रयोगाचीही ठेवा. ती मराठीत लिहा आणि शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला वाचायला द्या.